सासऱ्यांसाठी मायक्रोमीटर

रविवारी दुपारी सासरे स्वतः केक घेऊन आले की समजावं, आता काहीतरी काम सांगितलं जाणार. माझे सासरे जर्मन आहेत, सरळ आहेत, पण उगाच केक आणणाऱ्यांतले नाहीत. बायको म्हणते, हा माझा निव्वळ पुणेरी खवचटपणा आहे. ती त्यांची मुलगी आहे, तिला केक नुसता खायचा असतो. जावयाला तो पचवावा लागतो.

त्या रविवारी प्लमचा केक होता आणि वर क्रीम, म्हणजे काम मोठं होतं. कॉफी ओतून झाल्यावर सासऱ्यांनी खिशातून एक पितळी पुंगळी काढली आणि माझ्या बशीत ठेवली. गोळी उडून गेल्यावर बंदुकीत जी रिकामी उरते, ती. करंगळीच्या दोन पेरांएवढी, वरच्या टोकाला बाटलीसारखी निमुळती झालेली.

"ही मान," त्या निमुळत्या भागावर बोट ठेवून ते म्हणाले. "हिच्या भिंतीची जाडी मोजायची आहे, सगळ्या बाजूंनी. तू रोज हेच करतोस ना? मला एक मायक्रोमीटर निवडून दे."

मी हॅनोव्हरजवळच्या एका कारखान्यात मोजमापाच्या प्रयोगशाळेत इंजिनियर आहे. गाड्यांचे सुटे भाग मोजतो आणि दुसऱ्यांनी चुकीचे मोजले की ते परत पाठवतो. सासऱ्यांची सगळी नोकरी महापालिकेच्या बांधकाम परवाना खात्यात लोकांच्या घरांचे नकाशे परत पाठवण्यात गेली. आमच्यात हा एक गुण जुळतो. बाकी सगळा आनंद आहे. लग्नानंतर त्यांनी मला सांगितलं होतं की मला नावाने हाक मार. सासऱ्यांना नावाने हाक मारायला माझी जीभ काही वळेना, दुसरं काही त्यांना चालेना, म्हणून मी आजवर त्यांना हाकच मारलेली नाही. बोलायचं असलं की घसा खाकरतो आणि "आल्झो", म्हणजे आपलं "तर मग", म्हणून सुरुवात करतो.

सासरे नेमबाज आहेत. इथे गावोगावी नेमबाजांचे फेराइन असतात. आपल्या गणेश मंडळासारखाच हा प्रकार: अध्यक्ष, खजिनदार, वर्गणी, रुसवेफुगवे, वर्षातून एक मिरवणूक. फरक एवढाच की यांची मिरवणूक वेळेवर निघते. रीतसर परवाना काढून सासरे आपल्या रिकाम्या पुंगळ्या तळघरात स्वतः परत भरतात. सासूबाई गेल्यापासून तर तळघर हाच त्यांचा संसार.

त्या संसारात वर्षभर काहीतरी बिघडलं होतं. पूर्वी त्यांच्या गोळ्यांची भोकं निशाणाच्या कागदावर एका नाण्याखाली झाकली जायची. आता ती मुरमुरे सांडावेत तशी कागदभर पडत होती. हिवाळ्याच्या सामन्यांसाठी पहिला संघ ठरायचा होता आणि फेराइनच्या कप्तानाने त्यांना बाजूला घेऊन मऊ आवाजात सुचवलं होतं की ज्येष्ठांच्या गटात येऊन बघा, तिथे बंदुकीला टेकू देता येतो. हे सांगताना सासऱ्यांचा चेहरा असा झाला होता, जणू कप्तानाने त्यांना पाळण्यात झोपायला सांगितलं होतं. संघातली जागा गेली तर आठवड्याच्या सरावाचा दिवस जाणार, बरोबरीची माणसं जाणार, आणि मग तळघरात जाऊन करायचं तरी काय, हा प्रश्न होता. तो त्यांनी विचारला नाही. पण आम्हाला सगळ्यांना ऐकू आला.

"नळी तपासली. दारू तपासली," ते म्हणाले. "आता पुंगळीच राहिली. मान एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ असेल तर गोळी वाकडी सुटते. दोष तिथेच आहे."

"आणि डोळे?" बायकोने विचारलं.

"डोळे ठीक आहेत."

"कधी तपासले होतेस?"

"ठीक असलेल्या गोष्टी कोणी तपासत नाही," असं म्हणून त्यांनी केक कापला. हा माणूस दर शरद ऋतूत घरातलं हीटिंग बिघडलेलं नसताना तपासून घेतो.

माझी आई तेव्हा तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आलेली होती. तिच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू आदल्या वर्षी पुण्यात काढले होते आणि त्या ऑपरेशनची हकीकत शेजारीण, औषधांच्या दुकानातली मुलगी, बेकरीवाला आणि खुद्द सासरे अशा सगळ्यांना माझ्यामार्फत सांगून झाली होती. जर्मन तिला येत नाही, पण चेहरे वाचता येतात. ती म्हणाली, "अरे, विचार व्याह्यांना, दिव्याभोवती वलय दिसतं का म्हणावं. मला दिसायचं."

"काय म्हणतात त्या?" सासऱ्यांनी विचारलं.

"आई म्हणते, केक छान झालाय," मी म्हणालो.

बायकोला माझ्याबरोबर राहून राहून मराठी बऱ्यापैकी कळायला लागलं आहे. तिने माझ्याकडे असं पाहिलं की क्रीम आंबट व्हावं. पण भाषांतरात हा शहाणपणा मी वर्षानुवर्षं करत आलो आहे. दोन्ही घरं अजून एकमेकांशी बोलतात ती त्याच जोरावर.

निघताना सासऱ्यांनी अटी सांगितल्या. मायक्रोमीटर ग्युन्स्टिग हवा, पण बिलिग नको. या दोन शब्दांतला फरक कळायला मला या देशात बरीच वर्षं लागली. दोन्हींमध्ये पैसे कमीच जातात. पण बिलिग वस्तू घेतली तर माणूस कंजूष ठरतो, ग्युन्स्टिग घेतली तर हुशार. वस्तू बहुतेक वेळा एकच असते. आपण आपले स्वस्त आणि मस्त म्हणून मोकळे होतो, तेवढं मोकळं होणं यांना जमत नाही.

"आणि डिजिटल हवा," ते म्हणाले. "आकडे मोठे असलेला."

याचं मला नवल वाटलं. बॅटरीवर चालणाऱ्या मोजमापाच्या साधनांबद्दल या माणसाने मला पूर्वी अख्खं व्याख्यान दिलं होतं. रेषा वाचता येत नसतील त्याने मोजू नये, असा त्याचा सारांश होता. मी मनात म्हटलं, चला, सासरे आधुनिक झाले. मला यात एवढंच दिसलं.

मग मी ती चूक केली जी आपला मराठी इंजिनियर हमखास करतो. ग्रुपवर विचारलं.

जर्मनीतल्या मराठी इंजिनियरांचा आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. तिथे रात्री-अपरात्री दाताचा डॉक्टर विचारा, कोणी हूं की चूं करत नाही. मायक्रोमीटर म्हटल्यावर झुंबड उडाली. एक म्हणाला, जपानी घे, बाकी सगळा कचरा. दुसरा म्हणाला, स्वस्तातले सगळे एकाच चिनी कारखान्यातून येतात, फक्त डबीचा रंग बदलतो. तिसऱ्याचा मावसभाऊ भोसरीत होता आणि तो निम्म्या पैशांत पाठवणार होता, फक्त इकडे कोण कधी येतंय ते बघायचं होतं. उंटरश्लाइसहाइमच्या एका सॉफ्टवेअरवाल्याने आयुष्यात मायक्रोमीटर हातात धरलेला नव्हता, म्हणून त्याने सगळ्यात जास्त लिहिलं, आणि शेवटी विचारलं की त्याचं ॲप आहे का. कोलोनच्या एका गृहस्थांनी ऐन नवरात्रात काडतुसांचा विषय बरा नव्हे असं कळवलं. नवरात्र हे मुळात देवीने शस्त्र उचलल्याचं आहे, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं होतं. मी सांगितलं. मग दोन दिवस तेच चाललं.

खरी अडचण यातल्या एकालाही ठाऊक नव्हती. साध्या मायक्रोमीटरची दोन्ही तोंडं सपाट असतात. पुंगळीची मान आतून गोल, तिच्यात सपाट तोंड नीट बसत नाही आणि जाडी आहे त्याहून जास्त दिसते. म्हणून आतल्या बाजूला एक बारीक पोलादी गोळी असलेला मायक्रोमीटर लागतो. मान त्या गोळीवर टोपीसारखी चढवायची आणि बाहेरून दुसरं तोंड टेकवायचं. आता परवडणारे जे होते त्यांची गोळी मोठी. ती मोठ्या बंदुकीच्या पुंगळीत जायची, सासऱ्यांच्या चिमुकल्या पुंगळीत शिरायची नाही. ज्यांची गोळी बारीक होती ते प्रयोगशाळेसाठी बनवलेले. त्यांच्या किमती बघून सासऱ्यांनी ज्येष्ठांच्या गटात सुखाने नाव दिलं असतं. शिवाय स्वस्तातले मायक्रोमीटर पडद्यावर मिलिमीटरचा हजारावा भाग दाखवतात आणि शंभराव्या भागातच चुकतात. हे म्हणजे रिक्षावाल्याने पैशांपर्यंत हिशोब सांगून भाडं दुप्पट घेण्यासारखं आहे.

अखेर एक सापडला. गोळी बारीक, आकडे बोटभर, वर नामांकित नसलेल्या कंपनीचं तपासणीचं सर्टिफिकेट, सहीशिक्क्यासकट. मी तो मागवला आणि ग्रुपवर कळवलं. लगेच तिघांनी सांगितलं की हा सोडून दुसरा कुठलाही चालला असता.

पार्सल आलं ते नेमकं खंडेनवमीला. मी कामावर होतो. संध्याकाळी घरी आलो तर देवापुढे घरातली झाडून सगळी हत्यारं मांडलेली: सुरी, बायकोची शिवणाची कात्री, माझे स्क्रूड्रायव्हर, गाडीची किल्ली. कॉफीचं मशीन जागेवरून उचलेना म्हणून तिथेच त्याला झेंडू वाहिलेला. रोपवाटिकेतल्या कुंडीतला झेंडू आईने एवढा तोडला होता की कुंडीत फक्त माती उरली होती. हळदकुंकू, अक्षता, उदबत्ती, सगळं यथासांग. बायकोने त्याचे फोटो काढून मैत्रिणींना पाठवले.

"ते तुझं नवीन हत्यारही पूजलं," आई म्हणाली. "डबीत परत नीट ठेवलंय. पूजेशिवाय वापरायचं नसतं."

सासरे त्या संध्याकाळी जेवायला आले होते. मी डबी तशीच त्यांच्या हातात दिली. त्यांनी सगळ्यात आधी सर्टिफिकेट काढलं, लांब धरलं, जवळ धरलं, आणि मुलीच्या हातात दिलं. "वाच," म्हणाले, "चष्मा गाडीत राहिला." तिने मोठ्याने वाचलं: शून्य तपासलेलं आहे, यंत्र वापरायला तयार आहे. सासऱ्यांनी समाधानाने मान हलवली. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर शिक्का असलेल्या कागदावर त्यांचा जेवढा विश्वास आहे तेवढा देवावर नाही.

प्रयोगशाळेत मी नव्या माणसाला पहिली गोष्ट शिकवतो ती ही की मोजण्याआधी दोन्ही तोंडं पुसा, मिटवा, आणि शून्य येतंय का बघा. कागद काहीही म्हणो. त्या संध्याकाळी हे सांगायला मी तोंड उघडलंसुद्धा. पण सासऱ्यांना कोण शिकवणार. मी त्यात चकली घातली.

आठवडाभराने त्यांचा फोन आला. आवाज चांगला दहा वर्षांनी तरुण झालेला. "सापडलं," ते म्हणाले. "पुंगळ्यांचाच दोष. जाडी कुठच्या कुठे. कप्तानालाही सांगितलं. नव्या पुंगळ्या येईपर्यंत संघाचा निर्णय करू नका म्हटलं." मला खरोखर आनंद झाला. फोन ठेवून मी बायकोला म्हणालो, बघ, उगाच त्यांच्या डोळ्यांच्या मागे लागली होतीस.

रविवारी ते केक घेऊन आले. या वेळी दोन प्रकारचे. शिवाय एक लाकडी फळी, तिच्यात ओळीने खड्डे आणि प्रत्येक खड्ड्यात एक पुंगळी, मोजलेल्या क्रमाने. मोजण्यात चूक करतील पण क्रम चुकवणार नाहीत, असा हा माणूस आहे. आई समोरच्या खुर्चीत वाती वळत बसली होती. सासरे फळीवर बोट फिरवत विजयी आवाजात समजावत होते: "या बघ, जाड. या जरा कमी. या मधल्या. आणि या शेवटच्या ठीक."

"आल्झो," मी म्हणालो, "आधी मोजल्या त्या जाड, आणि नंतर मोजल्या त्या ठीक?"

"गेनाऊ. अगदी बरोबर."

माझ्या डोक्यात घंटा वाजली. पुंगळ्या अशा रांगेत शहाण्यासारख्या पातळ होत जात नाहीत. असं होतं तेव्हा पुंगळी बदलत नसते, मायक्रोमीटर बदलत असतो. मी पहिल्या ओळीतली एक उचलली आणि खिडकीकडे धरून मानेत डोकावलो. आत लाल होतं. दुसरी उचलली, तिच्यातही लाल. मग मी डबी उघडली. त्या बारीक पोलादी गोळीच्या माथ्यावर वाळलेल्या कुंकवाचा ठिपक्याएवढा डाग होता, मधोमध झिजलेला, कडेला अजून चांगला ठसठशीत. आईने कुंकू चिकटावं म्हणून पाण्यात कालवलं होतं. जसजशा पुंगळ्या चढल्या-उतरल्या तसतसं ते आत पुसलं गेलं, आणि पुंगळ्या ठीक होत गेल्या.

मला हसू फुटणार होतं, तेवढ्यात पुढचं लक्षात आलं. पुंगळ्यांत काही दोष नव्हता. म्हणजे मग दोष कुठे होता, हे त्या टेबलाशी फक्त मला माहीत होतं. मी अंगठ्याने तो डाग हळूच पुसायला घेतला. पुसून टाकावा, नव्या पुंगळ्या मागवाव्यात, निदान हिवाळा तरी निघेल, असा माझा बेत होता. भेकडपणा म्हणा. त्या क्षणी मला ती माया वाटत होती.

"अरे, राहू दे ना," आई म्हणाली. "मी लावलेलं कुंकू आहे ते. तेच त्याचं डोकं ना, म्हणून तिथे लावलं." मग ती वाती वळायची थांबली. "पण व्याह्यांनी आठवडाभर त्याच्यावरच मोजलं ना रे? एवढं लाल कुंकू त्यांना दिसलं नाही?"

"काय म्हणतात त्या?" सासऱ्यांनी विचारलं.

"आई म्हणते," मी म्हणालो, "यंत्र फार चांगलं आहे."

"नाही," बायको म्हणाली. ती माझ्याशी बोलत नव्हती. तिने माझ्या हातातून मायक्रोमीटर घेतला आणि वडिलांपुढे धरला. "पापा, यावर लाल रंग आहे. पूजेचा. तो पुंगळ्यांत गेलाय."

सासऱ्यांनी तो घेतला. आधी लांब धरला, मग जवळ. चष्मा कपाळावर सारला, परत खाली घेतला. उठून खिडकीशी गेले.

"कुठे?" त्यांनी विचारलं.

आईला जर्मन येत नाही, पण हा प्रश्न तिलाही कळला. सासऱ्यांनी गोळीवर अंगठ्याचं नख फिरवलं. नख अडखळलं, तसे ते थांबले. परत एकदा फिरवलं. इकडे बायको रडू आवरत केकच्या बशा उगाच एकीवर एक रचत होती.

मग ते परत येऊन बसले. माझ्याकडे नाही, मुलीकडे नाही, आईकडे बघितलं. बोटाने आधी आपला उजवा डोळा दाखवला, मग डावा, आणि कोणता आधी, अशा अर्थाने भुवया वर केल्या. सासरे उजव्या डोळ्याने नेम धरतात.

आईने उजव्या डोळ्याला हात लावला. "माझाही उजवाच आधी केला," ती म्हणाली. "सांग त्यांना, दुखत नाही. पट्टी काढल्यावर सगळं जरा निळं निळं दिसतं, घाबरू नका म्हणावं. आणि लाल तर एवढं लाल दिसतं, की इतके दिवस आपण बघत काय होतो असं वाटतं."

या खेपेला मी शब्द न शब्द सांगितला.

सासऱ्यांनी ऐकून घेतलं. टेबलावर सांडलेलं कुंकू झटकावं म्हणून मी रुमाल काढला आणि मायक्रोमीटरही पुसून द्यायला हात पुढे केला, तर त्यांनी तो माझ्यापासून दूर घेतला.

"याला हात लावू नकोस," ते म्हणाले आणि तो तसाच डबीत ठेवून झाकण लावलं. "डॉक्टरांची टेरमीन घेतो. पट्टी काढली की आधी हे लाल बघायचंय मला."